पाने आजच आणवा

मोतीलाल नानांच्या वाट्याला नाटकातली तीनच वाक्यं आली होती, आणि तीही त्यांना जास्त वाटत होती.

धुळ्याच्या एका वाचनालयात महिन्यातून एकदा निवृत्त माणसांची बैठक भरायची. नाना अमळनेरहून एसटीने जात, मागच्या खुर्चीवर बसत, चहा घेत आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत उठून परतीची गाडी धरत. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं, पण आवाज इतका खालचा की मागच्या बाकांवरच्या पोरांना नानांचा तास म्हणजे हक्काची झोप. बैठकीतही ते कधी बोलले नव्हते. एखादा मुद्दा मनात येई, तो बरोबर की चूक हे ते घोळवत बसत, तोवर विषय बदललेला असे.

या वर्षी दिवाळीच्या आधी प्रेमराजभाऊंनी टूम काढली की जुन्या नाटकांतले प्रवेश वाचायचे, त्यासाठी मधे दोन-तीन तालमीही घ्यायच्या. प्रेमराजभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे आणि मताला पुरावा. त्यांनी एक शंभर वर्षांपूर्वीचं नाटक निवडलं. त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि ते कुणीच वाचलेलं नव्हतं. पुस्तक जीर्ण, पानं गळायला आलेली, म्हणून त्यातल्या एकाच प्रवेशाच्या झेरॉक्स काढून वाटल्या.

प्रवेश लहानसाच. तात्या नावाचे सासरे ओसरीवर येतात. सून गोदा देवाजवळ निरांजन लावून उभी आहे. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी काशीला म्हणून गेलेला. तात्या म्हणतात, “गोदे, आता वाट पाहणे पुरे झाले. उद्या पालाशविधी करावयाचा. पाने आजच आणवा.” गोदा हातातलं निरांजन खाली ठेवते. पुढे तिचं लांबलचक पद, आणि पडदा.

“कोकिळाताई, तुम्ही सून. नाना, तुम्ही सासरे,” प्रेमराजभाऊंनी जाहीर केलं. कोकिळाताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नानांहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्याच. कुणीतरी हसलं. त्यावर भाऊ म्हणाले की वयाचं ऐकणारे बघून घेतील, तुम्ही वाचा.

पालाशविधी म्हणजे काय, असं कोकिळाताईंनीच विचारलं. सगळ्यांच्या नजरा मराठीच्या मास्तरांकडे वळल्या आणि नानांचे कान गरम झाले. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. पण प्रेमराजभाऊंना अडचण नव्हती. त्यांचं म्हणणं, यात काय अवघड आहे, पालाश म्हणजे पळस, आणि पळसाची पानं म्हणजे पत्रावळी. मुलगा काशीहून येतोय, वाट पाहणं संपलं, उद्या पंगत. आपल्याकडे काय वेगळं होतं? घरात पळसाच्या पानांचा भारा आला की शेजारीपाजारी विचारायचे, लग्न कुणाचं?

ते सगळ्यांना पटलं. खानदेशातल्या माणसाला पटणारच. नानांनाही आपल्या लहानपणीच्या बाया आठवल्या, ओट्यावर गोल करून बसलेल्या, बारीक काड्यांनी पान पानाला टाचणाऱ्या, वरमाईची थट्टा करणाऱ्या. एक शंका मात्र त्यांच्या मनात किडीसारखी वळवळली. पंगत असेल तर गोदा निरांजन खाली का ठेवते? पण भाऊ तेवढ्यात म्हणाले, लाजते हो ती, आणि नानांनी शंका गिळली. आपल्याला कुठे सगळं कळतं?

“नाना, जरा हसून म्हणा. लेक येतोय तुमचा,” प्रेमराजभाऊ म्हणाले.

कोकिळाताईंनी हातातल्या कागदात डोकं घातलं. मग कुणीतरी चहाचं विचारलं. भाऊंच्या उशिरा लक्षात आलं असावं, कारण त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढूनही घेतला.

नानांचा मुलगा किरण सुरतेला गेला आणि परत आला नाही. सात वर्षांच्या वर झालं होतं. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दारू नव्हती. सुरतेत एका कारखान्यात हिशेबनीसाची नोकरी लागली होती, अमळनेर स्टेशनावर नानाच सोडायला गेले होते. पोचल्याचा फोन आला. खोली बघतोय म्हणाला. त्यानंतर फोन बंद. कारखान्यात तो हजरच झाला नव्हता. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, दवाखाने आणि त्याहून वाईट जागा झाल्या. पहिली काही वर्षं लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले. काहीतरी कारण असतं तर नानांनी ते उराशी धरलं असतं. कारणच नव्हतं.

किरणची बायको दिपमाला त्यांच्याकडेच राहिली. जळगावला एका लॅबमध्ये नोकरी करायची, सकाळच्या रेल्वेने जायची, अंधार पडता पडता यायची. मूलबाळ नव्हतं. सासू-सुनेत कधी मोठा आवाज झाला नाही. दोघी एकाच माणसाची वाट पाहत होत्या, भांडायला फुरसत कुठली. मग गेल्या उन्हाळ्यात दिपमालाने नानांपुढे चहा ठेवला आणि खाली मान घालून सांगितलं की तिने कोर्टात अर्ज केला आहे. सात वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट तो मृत झाला असं मानतं. जळगावला तिच्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ आहेत, बायको वारलेले. त्यांनी विचारलं आहे. ते थांबलेत, पण कुणी किती थांबावं?

“नाना, तुम्ही सांगितलं तरच कोर्ट मानेल,” ती म्हणाली. “बापाची साक्ष लागते.”

नाना हो म्हणाले. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पोरीने तारुण्य त्यांच्या उंबऱ्यात घातलं होतं. पण साक्षीची तारीख आली तेव्हा त्यांना सकाळपासून थंडी वाजायला लागली. ताप नव्हता, थंडी मात्र खरी होती. पुढची तारीख पडली. रात्रीच्या भाकरी करताना दिपमालाने त्यांना विचारलं, औषध घेतलं का, एवढंच.

बेबाबाईंना, नानांच्या बायकोला, अर्जाचं कळलं तेव्हा त्यांनी सुनेला शिव्या दिल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “मना किरण जित्ता शे. माले माहीत शे.” आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या. नाना कधी साक्ष देतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

तर अशा घरात नाना नाटकाची तीन वाक्यं पाठ करू लागले. सकाळी ओट्यावर बसून, झेरॉक्सचा कागद नाकाशी धरून, पुटपुटत. हसून म्हणायचं होतं. हसणं जमेना, म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणत. आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हणता म्हणता त्यांच्या आवाजात खरंच काहीतरी उजळलं. आता वाट पाहणे पुरे झाले. मुलगा टेकडी उतरून गावात येतोय, धुळीने पाय भरलेत, असं त्यांना दिसू लागलं. नाटकातल्या म्हाताऱ्याच्या आडून ते थोडी चैन करून घेत होते. पुस्तकी माणसाला तेवढीच एक वाट ठाऊक असते.

एकदा मागे वळून पाहतात तो बेबाबाई दारात. हातातली परात तशीच. डोळे भरलेले. त्यांनी विचारलं काय आहे हे, आणि नानांनी, मुलांना सांगत तसं, सगळं समजावून सांगितलं. मुलगा फार वर्षांनी घरी येतोय. बाप म्हणतोय, पळसाची पानं आणा, उद्या पंगत. बेबाबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. शब्द देवाच्या तोंडचा असावा तसा त्या ऐकत. नानांना थोडं अपराध्यासारखं वाटे, पण बायकोच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी आलेलं ते काहीतरी मोडायला जीव होत नव्हता.

आठवड्याने उखर्डू, बेबाबाईंचा धाकटा भाऊ, पारोळ्याकडच्या त्यांच्या गावाहून आला तो डोक्यावर पळसाच्या पानांचा भला मोठा भारा घेऊन. एसटीच्या कंडक्टरने त्याला या भाऱ्याचंही तिकीट मागितलं होतं म्हणे.

“बठ्ठं जंगल लई उनू, अक्का,” सगळं जंगलच आणल्याच्या थाटात त्याने भारा ओट्यावर टाकला.

बेबाबाईंनी नवस केला होता. किरण येईपर्यंत पत्रावळी टाचायच्या. आला की त्याच पत्रावळींवर गाव जेवू घालायचं. हल्ली पंगतीला कागदी ताटल्या असतात, उखर्डूने चेष्टा केली, पण भाचा येणार म्हणताना त्याचाही आवाज कापला. दिपमाला कामावरून आली, भारा पाहिला, काय ते ऐकून घेतलं आणि खांद्यावरची पर्स न काढताच पलंगावर बसून राहिली. साक्षीची नवी तारीख चार दिवसांवर होती.

त्याच आठवड्यात धुळ्याला शेवटची तालीम होती. नाना नेहमीपेक्षा लवकर पोचले. वाचनालयात कुणी नव्हतं. काचेच्या कपाटात जुन्या शब्दकोशाचे जाडजूड खंड होते. घरच्या कोशात तो शब्द नव्हता, ती किडीसारखी शंका अजून जिवंत होती, आणि गोदाने निरांजन का ठेवलं हे एकदा कळून घ्यावं असं नानांना वाटलं. त्यात दुसरा काही विचार नव्हता. एका जुन्या मास्तराची खोड, एवढंच.

पान सापडलं. पालाशविधी. परदेशी मेलेल्या, किंवा फार वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नाही अशा मनुष्याची पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देण्याचा संस्कार.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली बारीक टायपात आणखी मजकूर होता. डोक्याच्या जागी नारळ ठेवावा. हात, छाती, मांड्या, पाय, प्रत्येकाला किती पानं ते ठरलेलं होतं. त्यानंतर सुतक, दहावं, तेरावं, सगळं खऱ्यासारखं. बायको विधवा. आणि एवढं झाल्यावर तो माणूस परत आलाच, तर त्याला तुपाने न्हाऊ घालावं, नव्याने जन्मला असं समजून बारशापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करावेत, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं.

ते वाक्य नानांनी पुष्कळदा वाचलं. ज्यांनी हा विधी रचला त्यांनासुद्धा खात्री नव्हती तर. जाळून झाल्यावरही दार किलकिलं ठेवलं होतं त्यांनी.

वाट पाहणे पुरे झाले, म्हणजे हे. नाटकातला तात्या हसत नव्हता. तो जिवंत सुनेला सांगत होता की उद्या तुझा नवरा मी जाळणार आहे आणि लाकडं नाहीत, पानं आणा. आणि नाना आठवडाभर सकाळच्या उन्हात बसून हेच, हसून, बायकोला ऐकवत होते.

बाकीची मंडळी आली. नानांनी सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचं बोलणं प्रेमराजभाऊंच्या खुर्च्या लावण्याच्या आवाजात बुडालं. कोकिळाताईंनी मात्र ऐकलं. त्या उघड्या खंडावर वाकल्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचत शेवटपर्यंत गेल्या.

“म्हणून निरांजन ठेवते ती,” त्या म्हणाल्या.

भाऊंना कळलं तेव्हा त्यांनी तो मजकूर स्वतः वाचून काढला. मग म्हणाले, असं असेल तर प्रवेश आणखीच जोरदार होईल, नाना, गंभीर म्हणा. नाना उभे राहिले. कागद हातात होता, तो नसता तरी चाललं असतं. “गोदे,” ते म्हणाले, आणि पुढे काही आलं नाही. पाण्याचा पेला आला, खुर्ची आली, शब्द आला नाही. शेवटी तात्यांचं काम भाऊंनी स्वतःकडे घेतलं आणि नाना बस स्टँडवर येऊन बसले.

गाडीत त्यांना एकच सुचत होतं. गोदाला तो विधी नको होता. तिचं कुंकू पुसलं जाणार होतं, केस जाणार होते. दिपमालाला तो हवा आहे. तिचं पुसलेलं आयुष्य त्यानेच परत येणार आहे. पण दोन्हीकडे बाप तोच, आणि बापाला करायचं तेही तेच. कोर्टाला पानं लागत नाहीत एवढंच. कोर्टाला बापाच्या तोंडचा शब्द पुरतो.

घरी आले तर बेबाबाईंनी पानं वाळायला ओट्यावर पसरली होती. भिंतीकडे जागा कमी म्हणून लांबट, मधे रुंद, खाली निमुळती. वरच्या बाजूला हळदीकुंकू लावलेला नारळ. नाना पायरीवरच थबकले.

त्यांनी चप्पल काढली, पानांना वळसा घातला, वाकून नारळ उचलला आणि आत नेऊन ओटीच्या सामानात ठेवला. मागोमाग बेबाबाई आल्या आणि नारळ घेऊन गेल्या. “राहू द्या ना तठेच,” त्या म्हणाल्या, “शुभ काम शे.”

सांगावं असं नानांना वाटलं. तोंड उघडलंही. मास्तर माणूस, शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला तर दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्त करायची सवय. पण ही दुरुस्ती केली तर मागे काय उरणार होतं? त्यांनी तोंड मिटलं.

साक्षीच्या दिवशी ते बायकोला, धुळ्याला नाटकाला जातो, असं सांगून निघाले. कोर्ट अमळनेरातच. दिपमाला आधीच येऊन आवारातल्या लिंबाखाली उभी होती, साधी पिवळी साडी नेसून. नाना आले आहेत हे पाहून तिने पदर तोंडावर धरला. आज तरी येतील याची तिलाही खात्री नसावी.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेताना नानांचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. न्यायाधीशसाहेब दोनदा म्हणाले, मोठ्याने बोला. वकिलांनी विचारलं, किरण तुमचा मुलगा? हो. शेवटचा फोन कधी आला? नानांनी सांगितलं. त्यानंतर आजपर्यंत पत्र, फोन, निरोप, कुणी पाहिल्याचं, काही? नाही. तुमच्या समजुतीप्रमाणे तो हयात आहे का?

नानांनी खाली पाहिलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर पुष्कळ हातांनी लाकूड गुळगुळीत झालं होतं. समोरच्या बाकावर दिपमाला त्यांच्या तोंडाकडे पाहत बसली होती. हात झाले, छाती झाली, पाय झाले, आता फक्त डोक्याची जागा रिकामी होती.

“नाही,” नाना म्हणाले. “तो हयात नाही.”

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

बाहेर आल्यावर त्यांनी वकिलांना हळूच विचारलं, आणि तो परत आला तर? वकील कागद आवरत होते. आला तर बघू नाना, ते म्हणाले, असे येत नाहीत. जुन्या कोशात यावर अर्धा रकाना होता. दिपमालाने वाकून पायांना हात लावला. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण द्यायचा तो आशीर्वाद कोणता हे ठरेना. सुनेला देतात तो चालणार नव्हता. ती जळगावच्या गाडीसाठी स्टेशनकडे वळली. थोडं पुढे जाऊन तिने एकदा मागे पाहिलं आणि मग ती भराभर चालू लागली.

नाना घरी आले तेव्हा दुपार कलली होती. बेबाबाई ओट्यावर बसून पत्रावळी टाचत होत्या. पानांचा तो आकार आता अर्धा संपला होता. एक मोठी, नीट गोल पत्रावळ त्यांनी बाजूला वेगळी ठेवली होती. ती कुणाची हे सांगायला नको होतं.

“झालं का नाटक?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“म्हटलं का तुम्ही ते?”

“म्हटलं.”

“लोकांना ऐकू गेलं?”

“गेलं,” नाना म्हणाले आणि त्यांच्याजवळ टेकले.

बेबाबाईंनी एक पान उचललं, देठ मोडलं, काडी खुपसली. त्यांना आज बरं वाटत होतं. उखर्डूला आणखी एक भारा सांगावा म्हणत होत्या, एवढ्यात गाव जेवणार नाही. मग त्या थांबल्या आणि लहान पोरीसारख्या नवऱ्याकडे वळल्या.

“एकडाव माले म्हनी दखाडा.”

नानांनी नाही म्हणण्यासाठी श्वास घेतला. समोर नारळ होता, कुंकू थोडं ओघळलेलं. बायको वाट पाहत होती. वाट पाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“गोदे,” नाना म्हणाले, “आता वाट पाहणे पुरे झाले. उद्या पालाशविधी करावयाचा. पाने आजच आणवा.”

हसून म्हणायचं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी हसून म्हटलं. बेबाबाईंनी डोळे पुसले, ढिगातली मूठभर पानं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काड्यांची जुडी मधे सरकवली. नाना पान पानाला जोडू लागले. पहिली दोन-तीन फाटली.